गुप्त शस्त्रविक्रीचें एक प्रकरण व त्यापासून घ्यावयाचा बोध

राज्यकारभाराच्या भानगडी मुलांस कशाला सांगावयाच्या, असा प्रश्न कित्येक पालक विचारतात. त्यांचें म्हणणें असें कीं, मुलांनीं आपला अभ्यास करावा, वडील माणसांच्या आज्ञेंत असावें. मंत्र्यांचीं कारस्थानें, लांचलुचपत व कोर्टकचेऱ्या त्यांच्या कानांवर पडूं देऊं नयेत. या म्हणण्यांतील वात्सल्य आम्हांस समजतें, पण तें मत आम्हांस पटत नाहीं. आज जीं मुलें आमच्यापुढें बांकांवर बसलीं आहेत, तींच उद्यां कचेरींत, पलटणींत, न्यायासनावर व कायदेमंडळांत जाऊन बसणार. मोठ्या पदावरील माणसें कशीं घसरतात, आणि पुष्कळदां चांगल्या हेतूनेंच कशीं घसरतात, हें ज्यास लहानपणीं कोणीं समजावून दिलें नाहीं, त्याचा पाय पुढें त्याच जागीं घसरण्याचा संभव फार. म्हणून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सन १९८५ ते १९८७ या काळांत घडलेलें व 'इराण-कॉन्ट्रा' या नांवानें प्रसिद्ध असलेलें प्रकरण आज आम्ही मुलांस समजेल अशा रीतीनें सांगणार आहों, व त्याविषयीं आमचें मतही देणार आहों.

मुलांनीं प्रथम नकाशा उघडावा व तीन ठिकाणें शोधावीं. पहिलें इराण, दुसरें भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील लेबानन व त्याची राजधानी बैरुत, तिसरें मध्य अमेरिकेंतील निकाराग्वा. या तीन देशांचा एकमेकांशीं वरकरणी कांहींच संबंध दिसत नाहीं. पण वॉशिंग्टन शहरांतील एका कचेरींत या तिन्ही देशांचे धागे एका गांठींत बांधले गेले. आणि ती गांठ बांधणाऱ्यांनीं ती आपल्याच देशाच्या लोकांपासून लपवून ठेविली.

इराणांत सन १९७९ मध्यें मोठी राज्यक्रांति झाली. अमेरिकेचा मित्र असलेला तेथील शहा देश सोडून गेला व धर्मगुरु खोमेनी यांची सत्ता सुरू झाली. त्याच वर्षीं ४ नोव्हेंबर रोजीं तेहरान येथील अमेरिकन वकिलात क्रांतिकारक विद्यार्थ्यांनीं ताब्यांत घेतली, व तेथील ५२ अमेरिकन माणसांस ४४४ दिवस ओलीस ठेविलें. ओलीस म्हणजे काय, तर एखाद्या माणसास पकडून ठेवावयाचें आणि 'आमची मागणी मान्य करा, मग याला सोडूं' असें म्हणावयाचें. या प्रसंगानें अमेरिकेचें मन इराणविषयीं फार कडू झालें. पुढें १९८० सालीं इराक व इराण यांच्यांत युद्ध जुंपलें; तें आठ वर्षें चाललें. इराणच्या सैन्याजवळील बहुतेक शस्त्रें शहाच्या काळीं अमेरिकेकडून घेतलेलीं असल्यानें तीं चालूं ठेवण्यास अमेरिकन अस्त्रें व सुटे भाग हवे होते. परंतु अमेरिकन सरकारनें इराणला शस्त्रें विकण्यास बंदी केली होती. इतकेंच नव्हे, तर 'तुम्हीही इराणला शस्त्रें देऊं नका' असा आग्रह तें इतर राष्ट्रांना जाहीरपणें करीत होतें. हा मुद्दा मुलांनीं नीट ध्यानांत ठेवावा.

आतां बैरुतकडे वळूं. या शहराशीं आमच्यासारख्या मिशन शाळांचें एक जुनें नातें आहे. ज्या अमेरिकन मिशनरी मंडळाचे लोक सन १८१३ मध्यें मुंबईस आले व ज्यांनीं मराठी मुलामुलींकरितां शाळा काढल्या, त्याच मंडळाचे लोक पुढें बैरुतलाही गेले. आणि त्या कार्यांतूनच १८६६ सालीं तेथें जें कॉलेज निघालें, तें आज बैरुतचें अमेरिकन विद्यापीठ म्हणून प्रसिद्ध आहे. या सुंदर शहरांत १९७५ पासून यादवी युद्ध पेटलें होतें. १९८४ सालापासून इराणच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्या तेथील अमेरिकन लोकांस एकामागून एक पळवून नेऊं लागल्या. त्यांत बेंजामिन वीर या नांवाचे एक प्रेस्बिटेरियन मिशनरी होते, लॉरेन्स जेन्को हे कॅथॉलिक पाद्री होते, विद्यापीठाच्या इस्पितळाचे प्रमुख डेव्हिड जेकबसन होते, टेरी अँडरसन हे वार्ताहर होते, आणि अमेरिकन गुप्तहेर खात्याचे बैरुत येथील प्रमुख विल्यम बक्ली हेही होते. बक्ली यांचा कैदेंतच अंत झाला. साखळीनें बांधलेल्या, डोळ्यांवर पट्टी असलेल्या आपल्या देशबांधवांची आठवण राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांस अस्वस्थ करीत असे, असें त्यांच्या जवळच्या माणसांनीं सांगितलें आहे. तें खोटें मानण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं.

तिसरें ठिकाण निकाराग्वा. तेथें १९७९ मध्यें सोमोसा घराण्याची हुकूमशाही मोडून सँडिनिस्टा नांवाच्या डाव्या पक्षानें सत्ता घेतली. त्यांच्याविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांस 'कॉन्ट्रा' म्हणत. रेगन यांच्या सरकारनें या बंडखोरांस पैसा व शस्त्रें पुरविलीं. परंतु कॉन्ट्रांच्या हातून निरपराध खेडुतांवर अत्याचार झाल्याच्या वार्ता येऊं लागल्या, आणि अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यानें निकाराग्वाच्या बंदरांत सुरुंग पेरल्याचेंही उघडकीस आलें. तेव्हां अमेरिकेच्या काँग्रेसनें ऑक्टोबर १९८४ मध्यें कायदा करून कॉन्ट्रांना लष्करी मदत देण्यास गुप्तहेर व संरक्षण खात्यांना स्पष्ट बंदी केली. मुलांनीं येथें घोंटाळा करून घेऊं नये. अमेरिकेंत काँग्रेस हें एखाद्या पक्षाचें नांव नसून तेथील कायदेमंडळाचें नांव आहे. लोकांनीं कररूपानें दिलेला पैसा कशावर खर्चावयाचा हें ठरविण्याचा अधिकार त्या देशाच्या राज्यघटनेनें या मंडळास दिला आहे. राष्ट्राध्यक्ष कितीही मोठा असो, तिजोरीची किल्ली त्याच्या कमरेला नसते.

येथवर दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. इराणला शस्त्रें विकावयाचीं नाहींत, हें सरकारचें जाहीर धोरण. कॉन्ट्रांना शस्त्रें पुरवावयाचीं नाहींत, हा काँग्रेसचा कायदा. आतां झालें काय तें पाहा.

१९८५ च्या ऑगस्ट व सप्टेंबर महिन्यांत इस्राएलमार्फत इराणला ५०४ रणगाडाभेदी अस्त्रें पाठविण्यांत आलीं. दुसरी खेप पोंचतांच रेव्हरंड वीर सुटले. नोव्हेंबरांत १८ विमानभेदी अस्त्रें गेलीं; त्यांवर तेलविहिरी खोदण्याचीं यंत्रें असल्याची बतावणी करण्यांत आली होती. संरक्षणमंत्री कॅस्पर वाइनबर्गर व परराष्ट्रमंत्री जॉर्ज शुल्ट्झ या दोघांनींही या व्यवहारास विरोध केला. पण १७ जानेवारी १९८६ रोजीं रेगन यांनीं एका गुप्त आज्ञापत्रावर सही केली, व तेव्हांपासून अमेरिका स्वतःच इराणला शस्त्रें विकूं लागली. ही गोष्ट काँग्रेसला कळवूं नये, असें त्याच आज्ञापत्रांत लिहिलेलें होतें. फेब्रुवारींत १,००० रणगाडाभेदी अस्त्रें गेलीं. मे महिन्यांत माजी सुरक्षा सल्लागार रॉबर्ट मॅक्फर्लेन हे लष्करी सुटे भाग व भेट म्हणून एक केक घेऊन गुप्तपणें तेहरानास गेले, आणि कोणी मोठा अधिकारी भेटीस न आल्यानें हात हालवीत परत आले. जुलैंत फादर जेन्को सुटले. ऑक्टोबरांत आणखी ५०० अस्त्रें गेलीं, व २ नोव्हेंबर रोजीं जेकबसन सुटले.

हा सारा व्यवहार राष्ट्रीय सुरक्षा मंडळाच्या कचेरींतून चालत असे. तिचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल जॉन पॉइंडेक्स्टर, आणि प्रत्यक्ष कामाचे सूत्रधार मरीन दलाचे लेफ्टनंट कर्नल ऑलिव्हर नॉर्थ. निवृत्त मेजर जनरल रिचर्ड सेकॉर्ड व व्यापारी आल्बर्ट हकीम यांनीं त्यांच्यासाठीं स्वित्झर्लंडच्या पेढ्यांत खातीं उघडलीं व विमानें, जहाज व माणसें यांची एक खासगी यंत्रणाच उभी केली. फेब्रुवारींतील १,००० अस्त्रांसाठीं इराणनें १ कोटी डॉलर मोजले. त्यांपैकीं सरकारास पोंचले अवघे ३७ लाख. मधला पैसा गेला कोठें? कांहीं त्या खात्यांत पडून राहिला, कांहीं मध्यस्थांच्या खिशांत गेला, आणि कांहीं कॉन्ट्रांच्या शस्त्रांसाठीं खर्च झाला. चौकशीअंतीं असें दिसून आलें कीं, इराणच्या व्यवहारांत एकंदर सुमारें १ कोटी ६१ लाख डॉलर नफा झाला, व त्यांतील निदान ३८ लाख कॉन्ट्रांकडे वळविण्यांत आले.

लहान मुलांसाठीं हीच गोष्ट घरगुती रूपांत सांगतों. समजा, एका मोठ्या एकत्र कुटुंबांत सर्वांनीं मिळून दोन गोष्टी ठरविल्या: शेजारच्या गांवांतील अमक्या घराशीं देवघेव करावयाची नाहीं, आणि दूरच्या गांवच्या भांडणांत आपला पैसा घालावयाचा नाहीं. कोठाराची राखण एका मुलाकडे सोंपविली. त्यानें रात्रीं मागच्या दारानें त्याच वर्ज्य घराला कोठारांतील धान्य जवळजवळ तिप्पट भावानें विकलें. घरच्या हिशेबांत मूळ किंमत तेवढी जमा दाखविली. आणि वरच्या पैशांतून दूरच्या भांडणांत लाठ्या पुरविल्या. घरांतील कोणीं विचारलें तर 'मी असें कांहीं केलेंच नाहीं' असें सांगितलें. आपल्याकडे म्हणतात, कुंपणच शेत खातें. ती म्हण अशा प्रसंगासाठींच झाली असावी.

परंतु झांकली मूठ फार दिवस झांकलेली राहत नाहीं. ५ ऑक्टोबर १९८६ रोजीं कॉन्ट्रांसाठीं शस्त्रें घेऊन जाणारें एक विमान निकाराग्वांत पाडण्यांत आलें. त्यांतील एक अमेरिकन मनुष्य हवाई छत्रीच्या साहाय्यानें जिवंत उतरला, पकडला गेला, आणि त्याच्या जबानीनें अर्धा पडदा उघडला. ३ नोव्हेंबर रोजीं बैरुतच्या 'अश्-शिरा' नांवाच्या नियतकालिकानें मॅक्फर्लेन यांच्या तेहरान-भेटीची बातमी छापली, आणि दुसरा अर्धा पडदाही उघडला. १३ नोव्हेंबर रोजीं रेगन यांनीं लोकांस सांगितलें कीं, आम्हीं ओलिसांच्या बदल्यांत शस्त्रें दिलेलीं नाहींत. इकडे कचेरींत मात्र नॉर्थ व त्यांची चिटणीस कागद कापण्याच्या यंत्रांत गठ्ठेच्या गठ्ठे कागद घालून नाहींसे करीत होते; कांहीं कागद तर त्या चिटणीस बाईंनीं कपड्यांत व बुटांत लपवून बाहेर नेले. २५ नोव्हेंबर रोजीं ॲटर्नी जनरल एडविन मीस यांनीं पैसा कॉन्ट्रांकडे वळविला गेल्याचें जाहीर केलें. त्याच दिवशीं पॉइंडेक्स्टर यांनीं राजीनामा दिला व नॉर्थ यांस दूर करण्यांत आलें.

येथें एक मौज सांगण्यासारखी आहे. कॉन्ट्रांसाठीं ब्रुनेईच्या सुलतानानें १ कोटी डॉलर देऊं केले होते. परंतु स्विस पेढीच्या खात्याच्या क्रमांकांतील दोन आंकडे उलटसुलट लिहिले गेल्यामुळें ती सारी रक्कम भलत्याच माणसाच्या खात्यांत जाऊन पडली! गणिताच्या वहींत आंकडे नीट लिहा म्हणून जे शिक्षक तुम्हांस रागावतात, त्यांची बाजू येथें भक्कम झाली असें समजावें. दुसरी गोष्ट याहून बोधप्रद आहे. पॉइंडेक्स्टर व नॉर्थ यांनीं आपल्या संगणकांवरील हजारों संदेश पुसून टाकले. पण कचेरीच्या संगणकाच्या राखीव फितींवर ते तसेच उतरून राहिले होते. चौकशी करणाऱ्यांस ते मिळाले, व त्यांनींच पुष्कळसें सत्य बाहेर आणलें.

यानंतर चौकशा झाल्या. सेनेटर टॉवर यांच्या अध्यक्षतेखालीं त्रिसदस्य मंडळ बसलें. त्यानें २६ फेब्रुवारी १९८७ रोजीं अहवाल दिला. ४ मार्च रोजीं रेगन यांनीं पुन्हां भाषण केलें, व आपलें अंतःकरण कांहीं म्हणत असलें तरी पुरावा पाहतां शस्त्रांच्या बदल्यांत ओलीस असाच तो व्यवहार झाला, अशा अर्थाची कबुली दिली. त्या उन्हाळ्यांत काँग्रेसच्या दोनही सभागृहांच्या समित्यांनीं सर्व देशासमक्ष साक्षी घेतल्या. सरकारी खटले चालविण्यासाठीं लॉरेन्स वॉल्श या वृद्ध कायदेपंडितांची स्वतंत्र नेमणूक झाली; त्यांचें काम जवळजवळ सात वर्षें चाललें. त्यांनीं १४ जणांवर आरोप ठेविले. ११ जण दोषी ठरले. पैकीं नॉर्थ व पॉइंडेक्स्टर यांच्या शिक्षा, काँग्रेसपुढें अभयवचन घेऊन दिलेल्या साक्षींचा खटल्यांवर परिणाम झाला असावा, या कारणास्तव वरिष्ठ न्यायालयानें रद्द केल्या. माजी संरक्षणमंत्री वाइनबर्गर यांनीं प्रथम विरोध केला होता खरा, पण पुढें आपल्या टिपणवह्या चौकशीपासून दडविल्याचा आरोप त्यांच्यावरही आला. त्यांचा खटला उभा राहण्यापूर्वींच, २४ डिसेंबर १९९२ रोजीं, राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनीं त्यांस व दुसऱ्या पांच जणांस क्षमा केली. हे बुश प्रकरण घडलें त्या वेळीं उपराष्ट्राध्यक्ष होते. रेगन यांच्यावर खटला झाला नाहीं.

एवढी हकीकत सांगितल्यावर आतां आमचें मत.

पहिला प्रश्न विद्यार्थी हटकून विचारतील, आणि तो विचारण्यासारखाच आहे. बंदिवासांत पडलेल्या माणसांस सोडविणें हें पुण्यकर्म नव्हे काय? त्यासाठीं चार अस्त्रें दिलीं तर बिघडलें कोठें? ज्यांचे वडील किंवा भाऊ त्या अंधारकोठडींत होते, त्यांच्या जागीं आपण असतों तर आपणही हाच आक्रोश केला असता. रेगन यांची करुणा खरी होती असें आम्ही मानतों. पण करुणेलाही हिशेब चुकत नाहीं. तीन अमेरिकन सुटले, हें वर सांगितलें. त्याच १९८६ सालच्या सप्टेंबर व ऑक्टोबर महिन्यांत बैरुतमध्यें दुसरे तीन अमेरिकन पळवून नेण्यांत आले. तीन वजा तीन, बाकी शून्य. एका माणसाची किंमत पांचशें अस्त्रें मिळते असें एकदां बाजारांत कळलें, कीं माणसें पकडणें हाच धंदा होऊन बसतो. जानेवारी १९८७ मध्यें तर बैरुतच्या एका कॉलेजांतील चार प्राध्यापकांस एकाच वेळीं नेण्यांत आलें. त्यांत एक मूळचे भारतीय होते, व त्यांची सुटका ऑक्टोबर १९८८ मध्यें झाली. अँडरसन हे वार्ताहर तर डिसेंबर १९९१ पर्यंत, म्हणजे जवळजवळ सात वर्षें, कैदेंत राहिले. शिवाय तीं अस्त्रें गेलीं कोठें, हेंही पाहिलें पाहिजे. तीं अशा युद्धांत गेलीं, कीं ज्यांत लाखों तरुण मेले. आणि त्याच युद्धांत अमेरिका दुसऱ्या हातानें इराकलाही गुप्त माहिती पुरवीत होती. आपल्या एका मुलास सोडविण्यासाठीं दुसऱ्यांच्या किती मुलांवर शस्त्र चालणार, याचा विचार ज्या करुणेंत नाहीं, ती करुणा अपुरी होय.

दुसरी गोष्ट कायद्याची. काँग्रेसचा कायदा शहाणपणाचा नव्हता, असें नॉर्थ व त्यांच्या मित्रांचें मत होतें. मत असण्यास कोणाचीच हरकत नाहीं. कायदा बदलून घेण्याचा उघड मार्ग त्यांस मोकळा होता. लोकांपुढें जावें, युक्तिवाद करावा, बहुमत मिळवावें. पण उघड्या सभेंत जें मिळालें नाहीं, तें मागच्या दारानें आणावयाचें, हा मार्ग एकदां क्षम्य मानला, कीं लोकराज्य हें नांवापुरतेंच उरतें. लोकांचे प्रतिनिधी 'नको' म्हणत असतां परक्या राष्ट्राला माल विकून, सुलतानांकडून दाने मागून जर राज्यकर्त्यांस युद्ध चालवितां येऊं लागलें, तर प्रतिनिधींनीं सभेंत बसावें तरी कशाला?

यावर कोणी म्हणेल, राज्य चालवावयाचें म्हणजे गुप्तता आलीच. हें खरें आहे. सैन्याच्या हालचाली, परराष्ट्रांशीं चाललेलीं नाजूक बोलणीं हीं चव्हाट्यावर मांडतां येत नाहींत. म्हणूनच त्या देशाच्या कायद्यानें अशी सोय केली होती कीं, गुप्त कार्य असल्यास तें काँग्रेसच्या निवडक सभासदांस कळवावें. शत्रूपासून गुपित राखणें निराळें, आणि ज्याच्या पैशानें व ज्याच्या नांवानें आपण काम करतों त्या धन्यापासूनच गुपित राखणें निराळें. पहिली सावधगिरी, दुसरी विश्वासघात.

तिसरी गोष्ट आज्ञाधारकपणाची. नॉर्थ हे जुलै १९८७ मध्यें पदकें लावलेल्या लष्करी गणवेशांत समितीपुढें सहा दिवस बसले, आपण कागद नाहींसे केले व काँग्रेसला खोटें सांगितलें हें त्यांनीं ताठ मानेनें कबूल केलें, आणि तें सर्व देशासाठीं व वरिष्ठांच्या संमतीनें केलें असें सांगितलें. अमेरिकेंतील हजारों लोकांनीं तारा पाठवून त्यांचा गौरव केला. त्यांच्या धाडसाविषयीं आम्हांस शंका नाहीं. ते युद्धांत जखमी झालेले सैनिक होते. पण जें धाडस शत्रूपुढें शोभतें, तेंच आपल्या कायद्याविरुद्ध वापरलें तर त्याला शौर्य म्हणतां येत नाहीं. अमेरिकन सैनिक शपथ घेतो ती राज्यघटनेच्या रक्षणाची. वरिष्ठानें सांगितलें म्हणून घटनेला पाठमोरें व्हावयाचें, हा त्या शपथेचा अर्थ होऊं शकत नाहीं. आम्ही शिक्षक मुलांस रोज आज्ञाधारकपणा शिकवितों, म्हणूनच हेंही सांगणें आमचें कर्तव्य आहे, कीं आज्ञा पाळतांना सदसद्विवेकबुद्धि घरीं ठेवून यावयाची नसते. गुप्तहेर खातें, संरक्षण खातें, राष्ट्राध्यक्षांची कचेरी, अशा कित्येक ठिकाणीं किती तरी माणसांस थोडें थोडें ठाऊक होतें. त्यांपैकीं बहुतेकांनीं 'हें आपलें काम नव्हे' म्हणून मान खालीं घातली. मोठें पाप पुष्कळदां अशाच लहान लहान गप्प बसण्यांनीं पार पडतें.

चौथी गोष्ट सांगतांना आमच्यासारख्यांस विशेष दुःख होतें. ऑक्टोबर १९८६ मध्यें इराणच्या प्रतिनिधींस भेट म्हणून एक बायबल देण्यांत आलें. त्यांत गलतीकरांस पत्रांतील एक वचन रेगन यांनीं स्वहस्तें लिहून खालीं सही केली होती. पुढें जानेवारी १९८७ मध्यें इराणच्या संसदेचे अध्यक्ष रफसंजानी यांनीं तें पुस्तक पत्रकारांपुढें उघडून दाखविलें. धर्मग्रंथ भेट देण्यांत कांहीं गैर नाहीं. पण अस्त्रांच्या सौद्याला गोडवा यावा म्हणून त्याचा उपयोग करणें, हें ग्रंथाचा मान राखणें नव्हे. कोणत्याही धर्माचा ग्रंथ असो, व्यवहार स्वच्छ नसेल तर तो मध्यें आणूं नये. ज्या कामासाठीं देवाचें नांव उच्चारावयाचें, तें काम दिवसाउजेडीं करतां येण्याजोगें आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें.

आणि शेवटीं या सर्व खटाटोपानें साधलें काय? ओलिसांची संख्या कमी झाली नाहीं. इराणशीं मैत्री झाली नाहीं. 'शस्त्रें विकूं नका' म्हणून ज्या मित्रराष्ट्रांस उपदेश केला, त्यांच्यापुढें मान खालीं घालावी लागली. आणि लोकांचा राष्ट्राध्यक्षांच्या शब्दांवरील विश्वास डळमळला. तेल गेलें, तूप गेलें, हातीं धुपाटणें आलें.

तथापि या प्रकरणाची दुसरी बाजू न सांगणें अन्यायाचें होईल. राष्ट्राध्यक्षांच्या घरांतील गुपित एका लहानशा देशांतील नियतकालिकानें फोडलें, आणि जगांतील सर्वांत बलाढ्य सरकारास त्याचें उत्तर द्यावें लागलें. लोकप्रतिनिधींनीं मोठमोठ्या सेनापतींस व मंत्र्यांस समोर बसवून प्रश्न विचारले, व ते प्रश्न घरोघरीं लोकांनीं ऐकले. राष्ट्राध्यक्षांस आपलें पहिलें विधान मागें घ्यावें लागलें. शिक्षा थोड्या झाल्या, क्षमा पुष्कळ झाल्या, याचा आम्हांस खेद वाटतो; विशेषतः चौकशी पुरी होण्यापूर्वींच क्षमा करणें हें जखमेवर घाण असतां पट्टी बांधण्यासारखें झालें, असें आमचें स्पष्ट मत आहे. क्षमा ही थोर गोष्ट खरी. पण आधीं सत्य सांगितलें जावें, मग क्षमा यावी, हाच तिचा क्रम. असें असूनही, सारी हकीकत छापून, बांधून, ग्रंथालयांत ठेवलेली आहे, म्हणूनच आज आम्ही ती तुम्हांस सांगूं शकतों. जेथें दप्तर जाळलें जातें व प्रश्न विचारणारा तुरुंगांत जातो, तेथील मुलांच्या हातीं अशी गोष्ट कधींच पडत नाहीं.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकीं फारच थोडे जण राष्ट्राध्यक्ष किंवा सेनापति होतील. पण तुमच्यापैकीं पुष्कळ जण कारकून, तलाठी, शिक्षक, हिशेबनीस, अंमलदार होतील. एखाद्या दिवशीं कोणी वरिष्ठ हळूच म्हणेल, 'हें पान फाडून टाका,' 'ही तारीख मागची घाला,' 'साहेबांनीं विचारलें तर ठाऊक नाहीं म्हणा.' आणि त्याबरोबर हेंही सांगेल कीं, हें सर्व संस्थेच्या भल्यासाठींच आहे. त्या वेळीं तुम्हांस हें प्रकरण आठवावें, एवढीच आमची इच्छा. तुमच्यापुढें तेव्हां हजार अस्त्रें नसतील, एक लहानसा कागद असेल; पण कसोटी तीच असेल.

पालकांसही एक विनंति आहे. घरांत वर्तमानपत्र वाचतांना मुलांनीं 'असें कां केलें?' म्हणून विचारलें, तर 'तुला काय करावयाचें आहे?' असें म्हणून त्यांस गप्प बसवूं नका. ज्या मुलास घरीं प्रश्न विचारण्याची व खरें उत्तर ऐकण्याची संवय लागते, तेंच मूल पुढें राज्यकर्त्यांसही प्रश्न विचारतें, आणि स्वतः अधिकारावर बसल्यावर उत्तर देण्यास भीत नाहीं.